पायांचा ताठरपणा (स्पॅस्टिसिटी) आणि मज्जारज्जूला करंट : कुणाला माहिती / अनुभव?

मृण्मयी

धाकट्या भावाच्या मज्जारज्जूला पाठीच्या मध्यावर इजा झालेली आहे. इजा अपूर्ण आहे, म्हणजे पायांत थोडी संवेदना आहे आणि उजवा पाय ठरवून जरासा हलवता येतो. पण खरा छळ ताठरपणाचा. कूस बदलताना, पँट चढवताना, व्हीलचेअरवरून पलंगावर जाताना पाय एकदम ताठ होतात, नाहीतर गुडघे पोटाशी येतात. रात्री झटक्यांनी झोपमोड ठरलेली. बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध) चालू आहे. डोस वाढवला की पाय सैल पडतात, पण मग हा दिवसभर पेंगतो आणि हातातला पेलाही नीट धरत नाही.

मागच्या भेटीत डॉक्टर ओझरतं बोलून गेले की मज्जारज्जूला सौम्य करंट देऊनही काहींचा ताठरपणा उतरतो. घरी येऊन शोधलं तर निम्मे व्हिडिओ 'लुळी माणसं चालू लागली' छापाचे आणि उरलेले पाठदुखीवरच्या यंत्राचे. आमचं दोन्हीत काहीच नाही. त्याला चालायचं नाहीये, सध्या तरी रात्रभर झोपायचंय.

तर, ताठरपणासाठी म्हणून याचा खरंच उपयोग होतो का? ऑपरेशन करावंच लागतं का? आणि सगळ्यात मोठी शंका म्हणजे नसा आधीच इतक्या चेकाळलेल्या असताना वर करंट घातल्यावर त्या शांत कशा होतात?

दूरचा दिवा

मी फिजिओ आहे, मज्जारज्जूच्या रुग्णांबरोबरच काम करते. शेवटच्या शंकेपासून सुरू करते, कारण ती कळली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

स्नायू ताणला गेला की त्याची खबर घेऊन नसांचे जाड तंतू मागच्या मुळांतून (नस जिथे मज्जारज्जूला जोडलेली असते तिथून) मज्जारज्जूत शिरतात. तिथे हालचालीच्या पेशींशी त्यांची थेट गाठ पडते आणि स्नायू आकसतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच वाटेने. एरवी मेंदूकडून उतरणारे तंतू या वाटेला लगाम घालून असतात. इजा झाली की लगाम सुटतो. शिवाय पुढच्या काही आठवड्यांत इजेखालच्या पेशी स्वतःच बदलतात. त्यांना शांत करणारी रसायनं पूर्वीइतकी लागू पडत नाहीत आणि एकदा पेटलेली पेशी लवकर विझत नाही. म्हणून इजेनंतर सुरुवातीला पाय लुळे असतात आणि ताठरपणा मागाहून येतो. घरच्यांना वाटतं, चला, पायात जीव येतोय.

आता करंट. कण्याजवळून सौम्य करंट दिला तर सगळ्यात आधी पेटतात ते हेच जाड तंतू. म्हणजे ताठरपणा ज्या दारातून आत येतो, त्याच दारावर आपण टकटक करतो. विचित्र वाटतं खरं. पण हे तंतू आत गेल्यावर फक्त हालचालीच्या पेशींना चिथावत नाहीत. त्यांच्या फांद्या आवर घालणाऱ्या लहान पेशींकडेही जातात. ठोके पुरेसे जलद आणि जोर बेताचा असेल तर ही आवर घालणारी यंत्रणा जागी होते आणि ताणाची खबर आत शिरतानाच दबते.

म्हणून सगळा खेळ फ्रिक्वेन्सीचा आणि जोराचा आहे. सेकंदाला दोन-चार ठोके जोरात दिले तर प्रत्येक ठोक्याला मांडी उडेल. ताठरपणासाठी साधारण ५० ते १०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितके ठोके) वापरतात, तेही स्नायू आकसणार नाही इतक्या कमी जोरावर. माणसाला संवेदना असेल तर पायांत मुंग्या जाणवतात, बस.

खटपट्या

छान समजावलंत. मग आमच्याकडे पाठदुखीसाठी आणलेलं टेन्सचं (त्वचेवर पॅड लावून करंट देणारं) मशीन आहे, त्यातही १०० हर्ट्झ मिळतात. कमरेवर पॅड लावून बघायला काय हरकत आहे?

दूरचा दिवा

हरकत आहे. तुम्ही कमरेवर लावाल आणि पायांचा कारभार बघणारा मज्जारज्जूचा भाग कमरेत नसतो! मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पायांच्या स्नायूंचा कारभार बघणारा मज्जारज्जूचा फुगीर भाग त्याच्या वर, छातीच्या अकराव्या-बाराव्या मणक्याच्या आडोशाला असतो. म्हणून त्वचेवरून करंट देताना एक इलेक्ट्रोड तिथे, बरगड्यांच्या शेवटाच्या उंचीवर, कण्यावर लावतात आणि दोन मोठे पोटावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंना. करंट शरीरातून आरपार जायला हवा. पाठीवरच जवळजवळ लावलेल्या दोन पॅडमधला करंट बराचसा वरच्या वर स्नायूंतूनच निघून जातो.

आणि जागा बरोबर आहे की नाही हे अंदाजाने ठरवत नाहीत. रुग्णाला उताणं झोपवायचं, मांडी आणि पोटरीवर स्नायूंचे सिग्नल टिपणारे सेन्सर लावायचे आणि एकेक ठोका द्यायचा. दोन्ही पायांच्या पुढच्या-मागच्या स्नायूंत उसळी दिसली पाहिजे. मग खरी परीक्षा. ५० मिलिसेकंदांच्या अंतराने दोन ठोके द्यायचे. दुसऱ्या ठोक्याची उसळी पहिल्यापेक्षा पार बारीक झाली किंवा गायबच झाली, तर समजायचं की आपण मागच्या मुळांतल्या तंतूंना पकडलंय, कारण रिफ्लेक्स लगेच दुसऱ्यांदा तितक्याच जोराने येत नाही. दोन्ही उसळ्या सारख्या आल्या तर करंट थेट हालचालीच्या तंतूंवर पडतोय. मग इलेक्ट्रोड थोडा वर-खाली सरकवायचा आणि पुन्हा तेच.

हे पाहिल्याशिवाय नुसतं मशीन चालू करणं म्हणजे पॅड चिकटवल्याचं समाधान.

शंकासुर

नाव सार्थ करायला आलो आहे. फिजिओबाईंचं सगळं पटलं, पण हे तंत्र नवीन असल्यासारखं का बोलतोय आपण? १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी वेदनेची 'गेट' थिअरी (वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूत दार असतं आणि ते बंद करता येतं) मांडली, १९६७ साली शिली यांनी वेदनेसाठी पहिल्यांदा माणसात मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवला. १९७३ साली कुक आणि वाइनस्टीन यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत तेच केलं आणि दुखण्याबरोबर हालचालही सुधारल्याचं लिहिलं. म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली. इतकं गुणकारी असतं तर एव्हाना बॅक्लोफेनसारखं सर्रास मिळालं नसतं का?

त्यात १९९८ सालचा मिधा आणि श्मिट यांचा लेख वाचा. शीर्षकातच निकाल दिलाय, की मज्जारज्जूच्या इजेतल्या ताठरपणावर हा उपाय दीर्घकाळ टिकत नाही आणि खर्चाच्या मानाने परवडतही नाही. इम्प्लांट बसवलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करून लिहिलंय, हवेतलं नाही.

न्यूरॉन

शंकासुर, मुद्दा रास्त आहे, पण गोष्ट १९९८ ला संपत नाही. मध्ये बारोलाट, डिमिट्रिजेविक, इलिस वगैरे मंडळींनी ऐंशीच्या दशकात इजेच्या रुग्णांत ताठरपणा कमी झाल्याचं नोंदवलं होतं. कुणाला फरक पडायचा, कुणाला नाही, कुणाचा काही महिन्यांनी ओसरायचा. मग २००० साली पिंटर, गेर्स्टेनब्रांड आणि डिमिट्रिजेविक यांनी आठ रुग्णांवरचं काम छापलं आणि त्यांचा भर एकाच गोष्टीवर होता : इलेक्ट्रोड नेमका कुठे आहे.

वेदनेच्या परंपरेतून आलेले सर्जन इलेक्ट्रोड वर, छातीच्या किंवा मानेच्या भागात मज्जारज्जूच्या मागच्या स्तंभांवर (मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांवर) बसवत. मज्जारज्जू तुटलाय मध्ये, आणि तंतू पेटवताय इजेच्या वर किंवा इजेच्या जवळ. मग खालच्या पेशींपर्यंत पोचतं किती? पिंटर यांच्या चमूने इलेक्ट्रोड मज्जारज्जूच्या कमरेच्या वरच्या सेगमेंटवर (टप्प्यावर), म्हणजे दिव्याताईंनी सांगितलेल्या फुगीर भागावर ठेवला आणि ५० ते १०० हर्ट्झ दिले. तीव्र ताठरपणा उतरला. शिवाय सेटिंग वेळोवेळी तपासून बदलावं लागतं, असंही त्यांनी बजावलं. एकदा बसवलं आणि वर्षभर कुणी हातच लावला नाही, तर बसण्या-झोपण्याच्या स्थितीनुसार इलेक्ट्रोड आणि मज्जारज्जू यांच्यातलं अंतर बदलतं, तार किंचित सरकते आणि परिणाम जातो.

त्यामुळे जुन्या अपयशांतली किती खरोखर तंत्राची आणि किती जागेची, हे आज वेगळं काढणं अवघड आहे. माझं मत म्हणाल तर बरीचशी जागेची. पण आठ रुग्ण म्हणजे आठच रुग्ण, हेही खरं.

शंकासुर

आठ जणांवर मी पाठीत तार घालून घेणार नाही.

न्यूरॉन

घालूही नका. म्हणूनच गाडी त्वचेवरून देण्याकडे वळली. व्हिएन्नाच्या होफश्टॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अपूर्ण इजेच्या तीन रुग्णांना ५० हर्ट्झने अर्धा तास त्वचेवरून करंट दिला आणि ताठरपणा कमी झाल्याचं दाखवलं. २०२० मध्ये बारा जणांवर पुन्हा केलं, तेव्हा एका बैठकीचा परिणाम दोन तासांनंतरही बराचसा टिकून होता.

मोजायचे कसे हे सांगतो, कारण 'सैल वाटतंय' यावर कुणाचाच विश्वास नसावा. रुग्णाला पलंगाच्या कडेला असं टेकवतात की गुडघ्याखालचा पाय मोकळा लोंबेल. तपासणारा टाच धरून पाय सरळ करतो आणि सोडून देतो. सैल पाय खाली येऊन मागे जातो, परत येतो, असा हळूहळू हेलकावे खात थांबतो. ताठर पाय पहिल्याच झोक्यात मध्येच अडकतो, कधीकधी लोंबत्या स्थितीपर्यंतही पोचत नाही. गुडघ्यावरचा सेन्सर तो कोन टिपतो. करंटच्या आधी आणि नंतर तीच चाचणी. पहिला झोका किती खोल गेला, त्यावरून फरक आकड्यात दिसतो. रोजच्या दवाखान्यात वापरतात ती ॲशवर्थची श्रेणी (हाताने पाय वळवून अडथळ्याला गुण देणं) मात्र तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते आणि सकाळ-संध्याकाळ बदलते.

अर्धविराम

बरीच वर्षं व्हीलचेअरवर आहे, पोटात बॅक्लोफेनचा पंप आहे. मृण्मयीताई, करंटचं बघालच, पण त्याआधी दोन गोष्टी ऐका.

एक, ताठरपणा अचानक वाढला असेल तर आधी कारण शोधा. लघवीचं इन्फेक्शन, तुंबलेला कॅथेटर, बद्धकोष्ठ, बेडसोअर, अंगठ्याचं आत वाढलेलं नख, घट्ट बूट. आपल्याला खाली दुखलेलं कळत नाही, शरीर ते झटक्यांनी सांगतं. माझे पाय दर थोड्या दिवसांनी उसळायचे तेव्हा मूत्राशयात खडा निघाला. पंपाचा डोस वाढवत बसलो असतो तर खडा तसाच राहिला असता.

दोन, सगळा ताठरपणा घालवू नका! पलंगावरून चेअरवर जाताना माझे पाय ताठ होतात, त्यावरच मी क्षणभर भार देतो. पंप बसवल्यावर डोस जरा जास्त झाला होता तेव्हा पाय असे लोळागोळा झाले की ट्रान्स्फरला दुसरा माणूस लागायला लागला. भावाला विचारा, कुठला ताठरपणा नकोय आणि कुठला कामाचा आहे. बहुतेक वेळा रात्रीचा नकोच असतो, सकाळचा थोडा हवा असतो.

मृण्मयी

हे कुणी सांगितलंच नव्हतं. उभं राहायच्या फ्रेमवर तो ताठ पायांच्याच जोरावर उभा राहतो, आत्ता लक्षात येतंय.

पंपाबद्दल विचारू का? पंप असताना करंट कशाला, किंवा उलट?

अर्धविराम

पंप म्हणजे औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडणं. पेन आणि क्रोइन यांनी १९८४ मध्ये सुरू केलं. गोळीच्या मानाने अगदी चिमूटभर डोस लागतो, त्यामुळे गुंगी नाही. तीव्र ताठरपणावर माझ्या दृष्टीने याच्याइतकं खात्रीचं काही नाही. पण काही महिन्यांनी सुईने भरून घ्यावा लागतो, आणि नळी दुमडली किंवा भरायचं राहून गेलं तर औषध एकदम तुटतं. त्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत : अंगाला खाज, ताप, ताठरपणा आधीपेक्षा भयंकर, मग भ्रम. जिवावर बेतू शकतं, सरळ इमर्जन्सी गाठायची. भावाच्या गोळ्याही मनाने एकदम बंद करू नका, हेच लागू.

करंटचं आकर्षण मला एवढ्यासाठीच वाटतं की तो बंद करता येतो. नको तेव्हा बटण बंद.

निशिगंधा

वाचतेय. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय ताठर, पावलं चवड्यावर. लहान मुलांत हे करतात का? आम्हाला नसांची मुळं कापायच्या ऑपरेशनबद्दल सांगितलंय आणि ते ऐकून पोटात गोळा आलाय.

दूरचा दिवा

निशिगंधा, ते ऑपरेशन म्हणजे सिलेक्टिव्ह डॉर्सल रायझोटॉमी. ऐंशीच्या दशकात केपटाऊनमध्ये वॉरविक पीकॉक यांनी त्याला आजचं रूप दिलं. वर ज्या जाड तंतूंबद्दल लिहिलं, त्यांतले काही धागे निवडून कापतात. म्हणजे करंट त्याच दारावर टकटक करतो आणि हे ऑपरेशन दाराचा काही भाग कायमचा बंद करतं. परत उघडत नाही. निवडक मुलांत परिणाम चांगला आणि टिकाऊ असतो, पण मूल निवडणं आणि नंतरची महिनोन्‌महिने फिजिओ हेच त्याचं मर्म. मुलांत त्वचेवरून करंट द्यायचे प्रयोग झालेत, पण लहान गटांत आणि बहुतेक व्यायामाच्या जोडीने. आत्ता त्यावर विसंबून ऑपरेशनचा निर्णय लांबवू नका. चवड्यावर चालण्यात पोटरी आखूड झाली असेल तर तो भाग कुठल्याच करंटने लांब होत नाही. तिथे बोटॉक्स, प्लास्टर, स्प्लिंट. बोटॉक्सचा असर साधारण तीन महिने राहतो, तेवढ्यात ताणून घ्यायचं.

खरं तर हे मृण्मयीलाही लागू आहे. ताठर पाय जितक्या जोरात हलवू तितका जास्त अडतो, लान्स यांनी १९८० साली केलेल्या व्याख्येत हा वेगाचाच मुद्दा आहे. भावाचा घोटा हळू, अगदी हळू वळवून बघा. हळू वळवल्यावर पूर्ण येतो का? येत असेल तर नसांचा प्रश्न. हळू वळवूनही तिथेच अडत असेल तर सांधा आणि स्नायू आखडलेत.

मृण्मयी

आत्ताच बघितलं. गुडघे हळू केले की पूर्ण येतात. डावा घोटा नाही येत.

खटपट्या

त्या चालणाऱ्या माणसांच्या व्हिडिओंचं काय मग? ते खोटे का?

न्यूरॉन

खोटे नाहीत, प्रश्न वेगळा आहे. २०११ मध्ये हार्केमा यांच्या गटाने एका रुग्णात कण्याच्या आत इलेक्ट्रोड ठेवून, खूप सरावानंतर, उभं राहता आल्याचं आणि करंट चालू असताना पाय ठरवून हलवता आल्याचं दाखवलं. २०१८ मध्ये अमेरिका आणि स्वित्झर्लंड दोन्हीकडून आधाराने पावलं टाकल्याचे निष्कर्ष आले. तिथे पेशींना जागं ठेवायचं असतं, इथे त्यांना शांत करायचंय. इलेक्ट्रोडची जागा जवळपास तीच, पण ठोक्यांचा वेग, जोर आणि वेळ वेगळी.

हातांसाठीचं त्वचेवरचं एक यंत्र साठ जणांच्या चाचणीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्य केलं. ते मानेच्या अपूर्ण इजेत हाताची ताकद आणि संवेदना सुधारण्यासाठी आहे, व्यायामाच्या जोडीने. ताठरपणासाठी नव्हे. दोन्हीची गल्लत करून कुणी विकायला आलं तर चार हात लांब राहा.

शंकासुर

हेच म्हणायचं होतं. आणखी एक, या प्रयोगांत खोटा करंट देऊन तुलना करणं फार अवघड. मुंग्या आल्या की रुग्णाला कळतं, खरा चालू आहे. शिवाय अर्धा तास आडवं पडून विश्रांती घेतल्यावर आणि पाय हलवून तपासल्यावर नुसत्यानेही ताठरपणा थोडा उतरतोच. तो वजा केल्यावर काय उरतं ते बघा.

न्यूरॉन

मान्य. म्हणूनच मी त्याला आज उपचार म्हणणार नाही, जपून करायचा प्रयोग म्हणेन. त्वचेवरून असल्यामुळे करून बघता येतो आणि सोडूनही देता येतो, एवढं त्याच्या बाजूने.

मृण्मयी

डॉक्टरांकडे जाण्याआधी यादी केली. लघवीची तपासणी, पाठीची आणि टाचांची त्वचा, घोट्यासाठी स्प्लिंट. झटके कधी येतात याची वही सुरू केलीय, रात्री किती वेळा आणि कशाने. बॅक्लोफेनचा मोठा डोस रात्री आणि छोटा दिवसा असं विभागता येईल का, हेही विचारणार. करंट त्यानंतर.

एक राहिलं. त्याच्या पाठीत रॉड आणि स्क्रू आहेत. मग करंट देता येतो?

दूरचा दिवा

इलेक्ट्रोडच्या नेमक्या खाली धातू असेल तर करंटची वाट बदलते. काही चाचण्यांत अशा रुग्णांना घेतच नाहीत, काहींत जागा बघून घेतात. एक्स-रे सोबत न्या आणि रॉड बाराव्या मणक्यापर्यंत येतात का ते विचारा. पेसमेकर, गरोदरपण, आटोक्यात नसलेल्या फिट्स किंवा इलेक्ट्रोडच्या जागी जखम असेल तर नाहीच. आणि त्याची इजा छातीच्या सहाव्या सेगमेंटला किंवा त्याच्या वर असेल तर रक्तदाब एकदम चढू शकतो, म्हणून पहिल्या बैठकीत करंट चालू असताना रक्तदाब मोजत राहायला सांगा. डोकं ठणकलं, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटला, चेहरा लाल झाला तर लगेच बंद करून त्याला बसतं करायचं, झोपवायचं नाही.

अर्धविराम

आणि कॅथेटर दुमडलाय का ते आधी बघायचं. नव्वद टक्के वेळा तिथेच गोची असते, हा आकडा माझ्या मनचा.

मृण्मयी

इजा सातव्या सेगमेंटला आहे, रॉड पाचव्या मणक्यापासून नवव्यापर्यंत. म्हणजे अकरा-बारा मोकळे दिसतायत. एक्स-रे घेऊन जाते, काय म्हणतात ते इथेच लिहीन.